तुळजाबाईचे खिळे, साखरीचे खूर

दरेवाडीची तुळजाबाई जळकी होती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढं तिच्याबद्दल दोन शब्द चांगले निघाले तर कोणी म्हणायला नको की मूळची गोष्ट लपवून ठेवली. शेजारणीच्या म्हशीनं शेरभर दूध जास्त दिलं तरी हिच्या पोटात दुखायचं. पण ती सगळी किरकोळ जळजळ. खरी आग लागली ती धुळाजीनं दुसरी बायको घरात आणली त्या दिवशी, आणि ती पुढं कधी विझली म्हणून नाही.

धुळाजी निजाम सरकारचा हरकारा होता. बीडकडून आलेली डाकेची थैली घाटाच्या पायथ्याला, दरेवाडीच्या चौकीवर त्याच्या खांद्यावर पडायची. ती घेऊन पळत घाट चढायचा आणि माथ्यावरच्या चौकीत बंकट म्हणून पुढचा हरकारा होता, त्याच्या हाती द्यायची. दोन कोसांची धाव, रोजची. हातात घुंगरांची काठी, कमरेला पट्टा, पट्ट्यावर पितळी बिल्ला. मेंढरांमागं हिंडणाऱ्या त्या घराण्यात सरकारी पट्टा बांधणारा हा पहिलाच गडी. तुळजाबाई तो बिल्ला रोज राखेनं घासायची, आणि पाण्याला जाताना बायकांमध्ये अशी चालायची की जणू बिल्ला हिच्याच कमरेला आहे.

नऊ वर्षं झाली, घरात पाळणा हलला नाही. सासू होती तोवर तिनं बोल लावले, ती गेल्यावर भावकीनं लावले. शेवटी धुळाजी कडा गावच्या बाजाराला मेंढरं विकायला गेला आणि मेंढरांबरोबर आपलंही जमवून आला. साखराबाई आली. विशीतली, सावळी, बोलायला कमी. माहेर रानोमाळ फिरणाऱ्या मेंढक्यांचं. नाव असं की हाक मारणाऱ्याचं तोंड गोड व्हावं, आणि तुळजाबाईला नेमकं तेच सोसत नव्हतं. ती तिला 'साखरी' म्हणायची, तेही भाकरीत खडा लागल्यासारखं.

दोन वर्षं गेली आणि साखरीचीही कूस उजवली नाही. तुळजाबाईला आनंद झाला. मग आनंद झाल्याची लाज वाटली. खंडोबापुढं नाक घासून आली, आणि येताना वाटेतच परत आनंद झाला. दोष कोणाचा, ते आता गावाला कळायला काही हरकत नव्हती. पण पुरुषाच्या बाबतीत गावाला असं पटकन काही कळत नाही.

चुलीची पाळी एक दिवसाआड होती. धुळाजी दोघींच्या पाळीला सारखंच खायचा, मोजून तीन भाकरी. माणूस शहाणा होता. एकदाच कधीतरी साखरीच्या पाळीला त्यानं चौथी भाकरी मागितली, तर तुळजाबाई त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली ती एवढंच, की "चवथी कावून मागितली?"

आता घाटाचं सांगायला पाहिजे. दरेवाडीच्या वर, घाट चढायला लागलं की हाकेच्या दोन टप्प्यांवर एक जागा होती. लोक तिला निसरडी म्हणत. वाटेवर आडवा पसरलेला काळा कातळ, दहा-बारा पावलांचा. वरून झरा पाझरायचा, श्रावणापासून माघापर्यंत त्याच्यावर हिरवंगार शेवाळ, आणि एका अंगाला दरी. थंडीच्या दिवसांत सकाळचं दव त्यात पडलं की विचारायलाच नको. अनवाणी जा नाहीतर वहाणा घालून जा, पाय जागेवर राहील तर शपथ. इतर माणसं तिथं खाली बसत आणि हात टेकत टेकत ओलांडत. हरकाऱ्याला बसायला कुठली फुरसत?

मार्गशीर्षाच्या अखेरीस धुळाजी तिथं घसरला. त्याला फार लागलं नाही, पण थैली झऱ्यात पडली आणि कागद भिजले. चौथ्या दिवशी डाकेचे जमादार मोहनराव घोड्यावरून आले. त्यांनी धुळाजीला चौकीसमोर उभा केला.

"धुळाजी, सरकारी कागद हाय तो. घोंगडं न्हाई, पिळून वाळत घालायला," ते म्हणाले. "ही खेप माफ. पुन्हा थैली भिजली, नायतर दिवस कासराभर वर यायच्या आत माथ्यावर पोचली न्हाई, तर पट्टा काढून ठेवायचा अन् मेंढरामागं जायचं. समजलं?"

घरी येऊन धुळाजी भिंतीला टेकून बसला. पट्टा गेला तर काय, हे तिघांनाही ठाऊक होतं. मेंढरं विकून झाली होती आणि जमीन कोरडी, नावापुरती. पाय चोळत तो म्हणाला, "पायाला कायतरी पायजे. वहाणंवरून चढवायचं, निसरडी वलांडली की वढून काढायचं. कातळाला धरील असं."

हे त्यानं समोरच्या भिंतीकडं बघून म्हटलं. कोणा एकीकडं बघून म्हटलं असतं तर पुढचं रामायण टळलं असतं. दोघींनी ऐकलं, आणि दोघी कामाला लागल्या.

तुळजाबाई तडक सटवा लोहाराच्या भट्टीवर गेली. एक कोंबडा काखेत मारून गेली होती, तो त्याच्यापुढं सोडला.

"बैलाला नाल मारतोस तसं कायतरी कर. पर माणसाच्या पायाचं."

"बैल काय घाटात पळत न्हाई, तुळजाबाई."

"मंग आमचा धनी बैलापरीस बरा हाय म्हन की. कर मुकाट्यानं."

सटवानं जाड कातड्याचे दोन पट्टे कापले, त्यांत आठ-आठ खिळे टोकं खाली करून ठोकले आणि मागं टाचेशी आवळायला वादी लावली. वहाणेखाली चढवले की झाले. तुळजाबाई ते हातात घेऊन गावातून लांबच्या वाटेनं घरी आली. ज्यानं विचारलं त्याला दाखवले, ज्यानं नाही विचारलं त्यालाही दाखवले. लोखंड ते लोखंड! ओल्या मातीत टाच रोवून दाखवली तर मातीत आठ भोकं पडली. बायका तोंडाला पदर लावून बघत राहिल्या.

साखरीनं कोणाला काही दाखवलं नाही. तिनं शेळीचे केस कातरून आणले, टकळीवर पिळले, पिळाला पीळ घालून बोटाएवढे दोर केले आणि त्याची तळपायाएवढी जाळी विणली. पुढं बोटांत अडकवायला दोराचं एक कडं, मागं टाचेला एक. दिसायला एवढंसं, काळंकुट्ट, टोचरं. धुळाजीनं ते हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि हसला. "ह्ये तर शेळीचे खूर झाले की!"

तेव्हापासून त्यांना खूरच म्हणायला लागले. तुळजाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. अकरा वर्षांत तिनं त्याच्यासाठी काय काय केलं, पण त्यातल्या एकाही वस्तूला त्यानं हसून नाव दिलं नव्हतं. खिळ्यांना तो 'खिळे' म्हणाला, म्हणजे जे होतं तेच म्हणाला.

आणि मग तिनं एक काम केलं, जे ती मरेपर्यंत विसरली नाही. पौषातली एक दुपार होती. धुळाजी झोपलेला, साखरी चाऱ्याला गेलेली. तुळजाबाईनं खुंटीवरचे खूर उचलले, आपले खिळे उचलले, पदराखाली घेतले आणि ओढ्यावर गेली. धुण्याच्या दगडापलीकडं एक उतरता कातळ होता, सदा ओला, शेवाळलेला. त्यावर कोणी पाय देत नसे. तिनं आधी खिळे चढवले. पहिलंच पाऊल टाकलं आणि खर्रकन आवाज करत पाय गेला. दगडाला पांढरे ओरखडे उठले आणि तुळजाबाई बुडावर बसली. 'नवे हायत, अजून रुळले न्हाईत,' ती मनाशी म्हणाली. पुन्हा उठली, पुन्हा बसली. लोखंड मातीत शिरतं, कातळात कुठं शिरणार?

मग तिनं खूर घातले. आणि काय सांगावं, पाय चिकटल्यासारखा राहिला. केसांचा तो टोचरा दोर शेवाळात रुतून दगडाला धरायचा. ती कातळावर चढली, उतरली, एकदा मुद्दाम पाय सरकवून बघितला. सरकेना! तिथं एकटी उभी राहून तिला रडू आलं, रागाचं. एवढीशी पोर, आणि हिच्या हाताला हे कळावं!

ती घरी आली, खूर खुंटीला होते तसे अडकवले, आणि कोणाला एक अक्षर बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी निवाडा होता. दोन्ही जोड धुळाजीपुढं ठेवलेले, आणि दारात चार शेजारीही जमलेले, कारण अशी गंमत फुकट कुठं मिळते? धुळाजीनं खिळ्यांकडं बघितलं, मग तुळजाबाईच्या तोंडाकडं. खुरांकडं बघितलं, मग साखरीकडं. साखरीनं मान खाली घातली होती. बिचाऱ्याला थंडीत घाम फुटला. एकीचा जोड उचलावा तर दुसरीच्या पाळीला चूल पेटायची नाही.

"आसं करतो," तो म्हणाला, "दोनीतलं एक-एक. एका पायात ह्ये, एका पायात त्ये. म्हंजी दोगींचं बी झालं."

दारातले लोक हसले. कोणी म्हणालं, वा रे न्याव! तुळजाबाईनं मात्र लगेच विचारलं, "उजव्यात कुनाचं?"

"तुजं. तू थोरली न्हवं का."

उजवा पाय मिळाला! तिची मान ताठ झाली. आत कुठंतरी तो ओला कातळ, ते पांढरे ओरखडे, सगळं होतं. तोंड उघडून चार शब्द बोलायचे होते, बस. पण ते चार शब्द म्हणजे साखरीच्या हातात घर देणं होतं. तिनं स्वतः वाकून त्याच्या उजव्या टाचेची वादी आवळली.

दोन दिवस बरे गेले. खालच्या ओल्या मातीत खिळे धरायचे, कातळावर डावा पाय सांभाळून घ्यायचा. धुळाजी म्हणालाही, "चालतंय की." तिसऱ्या दिवशी धुकं होतं, दव पावसासारखं पडलं होतं. थैली घेऊन तो गेला आणि थोड्याच वेळात म्हातारा सुग्रीव, जो घाटात मेंढरं चारायचा, तो त्याला पाठीवर घेऊन खाली येताना दिसला. धुळाजीच्या उजव्या पायाची नडगी मोडली होती. थैली मात्र त्यानं छातीशी कवटाळलेली, कोरडी.

सुग्रीवानं त्याला घोंगडीवर टेकवलं आणि दम खात सांगितलं, "उजवा पाय गेला सर्रकन. डावा धरून व्हता म्हून वाचला, न्हाईतर दरीतून गोळा करावा लागला असता."

तुळजाबाईला कोणी तोंडात मारल्यासारखं झालं. तिनं नवऱ्याच्या कपाळाला हात लावला नाही, कुठं दुखतं विचारलं नाही. ती त्याच्या उजव्या पायाकडं बघत राहिली. खिळ्यांच्या टोकांना हिरवं लागलं होतं.

"थैली," धुळाजी कण्हत म्हणाला. "माथ्यावर जायला पायजे. दिस वर येतोय."

चौकीचा रिवाज असा की हरकारा पडला तर बदलीला त्याच्या घरचंच माणूस जाईल. परक्यानं थैलीला हात लावला तर चोरीचा आळ. म्हणून सुग्रीवानं थैलीकडं बघितलंही नव्हतं. आणि घरात दुसरा पुरुष नाही. थैली वेळेत गेली नाही तर पट्टा गेला, पट्टा गेला की घर बसलं.

साखरी उठली. तिनं कासोटा आवळला आणि म्हणाली, "मी जाते."

बस! एवढंच पुरे झालं. नवऱ्याचा पाय मोडला तेव्हा जी जागची हलली नव्हती ती तुळजाबाई हे ऐकून ताडकन उभी राहिली. ही जाणार? सरकारी थैली घेऊन, सगळ्या गावादेखत ही पळणार, आणि उद्या म्हणणार की घर मी राखलं?

"तू कोन जानारी? घरची थोरली जित्ती हाय अजून," ती म्हणाली, आणि थैली तिनं ओढून घेतलीच.

दारापाशी आली तर घुटमळली. पायाला काय? धुळाजीच्या पायांतले एक-एक सुग्रीवानं काढून ठेवले होते आणि उरलेले दोन खुंटीला होते. चारही तिच्यासमोर. लोक त्याच्या पायाभोवती गोळा झालेले, इकडं कोणाचं लक्ष नव्हतं. आणि तुळजाबाईनं विचार करायच्या आधीच तिच्या हातानं खूर उचलले होते. दोन्ही. जीव स्वतःचा होता ना.

मान वर केली तर समोर साखरी.

साखरी खाली बसली आणि तिच्या पायांत खूर चढवायला लागली, आधी बोटांत, मग टाचेला. कडं ताणून नीट बसवलं. मग हळू आवाजात, वर न बघता म्हणाली, "अक्का, तुमी वढ्यावर घालून बघितले व्हते. मी पलीकडं चारा कापीत व्हते."

तुळजाबाईनं पाय मागं ओढला. "मंग बोलली कावून न्हाईस?"

"तुमी सांगाल म्हून वाट बघितली," साखरी म्हणाली. "माजं कोन खरं मानलं असतं? सवत ती सवतच. जावा आता, दिस वर आला."

तुळजाबाई पळाली. चाळिशीला टेकलेली बाई, आयुष्यात कधी पळालेली नाही, काठीचे घुंगरू वाजताहेत, पदर कमरेला, धाप लागलेली. आणि सगळ्या वाटेत एकच डोक्यात: तिला ठाऊक होतं. इतके दिवस माझ्या समोर बसून भाकरी खाल्ली, आणि तिला ठाऊक होतं! निसरडीवर आली तेव्हा थांबली. एका जागी शेवाळ खरवडून निघालं होतं, लांब, दरीच्या कडेपर्यंत. तो धुळाजीचा पाय. तिनं डोळे पुसले आणि पाऊल टाकलं. खुरांनी धरलं. दहा पावलं, बारा पावलं. पलीकडं गेल्यावर तिनं साखरीला एक शिवी हासडली, मोठ्यानं, आणि पुढं पळाली.

माथ्यावर बंकट चौकीबाहेर येऊन वाट बघत होता. धुक्यातून बाई येताना बघून तो आधी घाबरलाच. तिनं थैली त्याच्या हातात कोंबली आणि दगडावर बसली. दिवस कासराभर वर यायला अजून थोडा अवकाश होता. "कमाल हाय बे," बंकट स्वतःशीच म्हणाला आणि थैली घेऊन पळाला.

परत येताना निसरडी ओलांडल्यावर तिनं खूर काढून कमरेला, ओच्यात खोचले. घरी पोचली तेव्हा दुपार झाली होती. धुळाजीच्या पायाला कामट्या बांधून झाल्या होत्या, आणि अंगणात हे गाव! थैली पोचल्याची वार्ता माथ्यावरून उतरणाऱ्यांबरोबर तिच्या आधीच खाली आली होती. सटवा लोहार सगळ्यांच्या पुढं.

"मी म्हनत न्हवतो?" तो ओरडला. "एका पायात लोखंड अन् एका पायात केस, मंग मानूस पडंल न्हाईतर काय हुईल? दोनी पायांत खिळे घातले तर बघा, बाईमानूस बी घाट चढून गेली!"

लोक माना डोलवायला लागले. धुळाजीनं मान वळवून तिच्याकडं बघितलं. दुखण्यानं चेहरा काळा पडलेला, पण डोळ्यांत असं काही होतं की ते बघायला तुळजाबाई अकरा वर्षं तरसली होती.

"तुळजे," तो म्हणाला, "तुजेच खरे."

तुळजाबाईनं खुंटीकडं बघितलं. खुंटी रिकामी. खाली ठेवलेला खिळाही नाही. कोणालाही वाटावं, खिळे तुळजाबाईच घालून गेली. साखरी कोपऱ्यात कणगीला टेकून उभी होती, आणि कणगीचं झाकण नीट बसलेलं नव्हतं. बाई गं! खिळे हिनं ज्वारीत पुरून ठेवले. म्हणजे सगळं माझ्या पदरात टाकून बाजूला झाली. मला दान देती ही? मला?

असं दान घ्यायचं? तेही हिच्या हातून? ते तिला सोसवेना. तिनं ओच्यातले खूर ओढून काढले आणि अंगणात सगळ्यांपुढं टाकले.

"ह्ये घातले व्हते," ती म्हणाली. "साखरीचे. खिळे कातळावर घसरत्यात. मी वढ्यावर बघितलं व्हतं. मला ठावं व्हतं."

सटवा गर्दीत मागं सरकला. सुग्रीव म्हातारा जमिनीकडं बघायला लागला. धुळाजीनं आपल्या बांधलेल्या पायाकडं बघितलं, मग खुरांकडं, आणि तुळजाबाईकडं काही बघितलं नाही. तहान लागली की आजवर तो थोरलीलाच हाक मारायचा. धाकटी आल्यावरही तेवढं त्यानं पाळलं होतं.

"साखरे," तो म्हणाला, "पानी दे."

साखरी रांजणापाशी गेली, तांब्या भरला, पदरानं बाहेरून पुसला. सगळं अंगण बघत होतं. ती आली, आणि धुळाजीपाशी न जाता तुळजाबाईपुढं थांबली आणि तांब्या तिच्या हातात दिला.

तुळजाबाईनं तो घेतला. सवतीचा इतका राग तिला जन्मात कधी आला नव्हता. पाणी सांडत होतं, आणि तांब्या तसाच घेऊन ती नवऱ्याच्या उशाशी जाऊन बसली.